जबाबातून वगळलेली चिंधी

मोतीरावांना मोतीराव म्हणत ते त्यांच्या अक्षरामुळे. म्हणजे असं ते स्वतः सांगत. कार्यालयाच्या शिपायाचं मत वेगळं होतं. मोठ्या साहेबांच्या मागून मोतीराव ज्या लगबगीने चालत ती बघून हे नाव पडलं, असं तो प्रत्येक नव्या माणसाला कोपऱ्यात घेऊन सांगे आणि मागे हात नेऊन शेपटी हलवून दाखवी. दोघांचंही खरं असेल. पण अक्षर मोत्यासारखं होतं, हे शिपाईही कबूल करायचा.

कार्यालय चौकशीचं होतं. कामावर ज्याचं बोट गेलं, पाय मोडला, डोळ्यात काही उडालं, तो माणूस तिथे येई, जबाब देई, आणि चूक त्याची की मालकाची हे पुढे सुनावणीत ठरे. जबाब लिहून घ्यायचं टेबल बावीस वर्षं मोतीरावांकडे होतं. खिडकीजवळचं, वर काच, काचेखाली मुलीचा शाळेतला फोटो आणि बदली होऊन गेलेल्या चार साहेबांचे निरोपसमारंभ. जबाबाच्या छापील कागदावर सगळ्यात वर एक ओळ होती: ‘सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे.’ जिन्यात थुंकू नये ही पाटी माणूस रोज जशी वाचतो, तशी मोतीराव ती ओळ रोज वाचत.

त्यांची पद्धत अशी होती. समोरचा बोलायला लागला की ते पेनाला टोपण लावून ठेवत आणि डोळे अर्धे मिटून मान हलवत, गाणं ऐकायला बसल्यासारखे. माणूस चाचरे, उलटसुलट सांगे, सासूच्या आजारपणात शिरे, तिथून बसच्या गर्दीवर येई, मध्येच रडे, पाणी पिई. मोतीराव सगळं ऐकून घेत. बोलणं संपलं की टोपण निघे आणि एकही खाडाखोड न होता जबाब एका दमात कागदावर उतरे. कच्चा कागद नाही, टिपण नाही. ‘डोक्यातच पाखडून घेतो,’ ते म्हणत, ‘कोंडा उडतो, दाणे राहतात.’ मग खणखणीत आवाजात वाचून दाखवत. लोक आ वासून ऐकत. एका गवंड्याने तर डोळे पुसत म्हटलं होतं, ‘साहेब, माझ्यावर एवढं सगळं गुदरलं हे मला आत्ता कळलं.’ हा किस्सा मोतीराव वर्षातून तीनदा तरी चहाबरोबर सांगत.

एवढी भाषा आली कुठून, असं कुणी विचारलं की ते म्हणत, ‘मेहनत.’ आता म्हणायचंच तर मेहनत. वडील शाळेत भाषा शिकवायचे. घरात पुस्तकं इतकी की लहानपणी यांचा हात जेवणाच्या टेबलापर्यंत पोचावा म्हणून खुर्चीवर शब्दकोशाचे दोन खंड ठेवत. आई फोडणी देताना जे बोलायची तेच पाठ्यपुस्तकात छापलेलं असायचं. निबंधाचं बक्षीस दरवर्षी यांनाच. माशाला पोहण्याचं बक्षीस मिळावं, तसलाच प्रकार. पण माशाला वाटत असतं, आपण काय पोहतो. त्याच वर्गात एका सुताराचा मुलगा होता. हिशेबात हुशार, पण उत्तर द्यायला उभा राहिला की मास्तर हसत, म्हणून वर्ग हसे. तो आपल्या घरच्यासारखं बोलायचा, एवढाच त्याचा गुन्हा. मोतीरावही आपल्या घरच्यासारखंच बोलत. फरक इतकाच, की मास्तर म्हणजे मोतीरावांचे वडील होते. सातवीनंतर तो मुलगा शाळेत दिसला नाही, आणि पुढे चाळीस वर्षं मोतीरावांना आठवलाही नाही.

तर त्या बाई आल्या त्या दिवशी पंखा बंद होता. बाई एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात अकरा वर्षं कामाला होत्या. उजव्या हाताला कोपरापासून पट्टी. खुर्चीवर अंग चोरून बसल्या आणि सांगायला लागल्या.

‘सकाळी आम्ही दोघी होतो रुळावर. माझी जोडीदारीण बोलायला जरा जास्तच, तिच्या भावाचं लग्न मोडलेलं, ते सांगत होती. रूळ म्हणजे असा दोन माणसांएवढा लांब, तापलेला. ओली चादर इकडून द्यायची, कोरडी कडक तिकडून निघते. समोर एक दांडी असते. हात फार पुढे गेला की दांडीला लागतो आणि रूळ थांबतो. पण दांडी इतकी हळवी, चादरीचं टोक लागलं तरी थांबायची. मग मुकादम ओरडायचा. त्या दिवशी सकाळीच त्याने दांडी मागे ओढली आणि चिंधीने बांधून टाकली. चिंधी तरी कुठली, तर बाळंतिणींच्या खोलीतल्या चादरीची, निळी फुलं असतात ना त्यावर. ती चादर आदल्या दिवशी माझ्याच हातून फाटलेली, बोलणी खाल्लेली मी तिच्यापायी. म्हणून लक्षात राहिलं. मी जोडीदारणीला म्हटलं, बघ बाई, माझंच पाप माझ्या डोळ्यांसमोर टांगलं. ती हसली. मग दुपारी हात गेला.’

मोतीरावांनी टोपण काढलं. कागदावर उतरलं ते असं: ‘पोटाची खळगी भरण्यासाठी अहोरात्र कष्टणाऱ्या माझ्यासारख्या अबलेच्या नशिबी हा दुर्धर प्रसंग आला. सततच्या परिश्रमाने क्षीण झालेल्या अवस्थेत काम करीत असताना, व्यवस्थापनाच्या निष्काळजीपणामुळे आणि यंत्रास सुरक्षाव्यवस्थेचा अभाव असल्याकारणाने माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांस गंभीर इजा झाली.’ जोडीदारणीचा भाऊ गेला, दांडी गेली, चिंधी गेली, निळी फुलं गेली.

वाचून दाखवल्यावर बाईंनी वाकून कागदाकडे पाहिलं. ‘एवढं छान मी बोलले?’

‘भावार्थ तोच आहे.’

‘आणि ते चिंधीचं?’

‘निष्काळजीपणा म्हटलं की त्यात चिंधी आलीच, बाई. असल्या बारीकसारीक गोष्टींनी जबाबाचं वजन जातं.’

बाईंनी मान डोलावली. पुन्हा एकदा वाचा म्हणाल्या. मोतीरावांनी खुशीत वाचलं. बाईंचे ओठ बरोबरीने हलत होते. मग त्यांनी डाव्या हाताने, कशीबशी, सही केली.

दोन महिन्यांनी सुनावणी लागली. चौकशी अधिकारी मॅडम नव्याच आलेल्या, मोतीरावांच्या मुलीहून फार तर चार वर्षांनी मोठ्या. बाईंची चूक ठरली तर नोकरी जाणार होती. धुलाईघराची ठरली तर घड्या घालायचं हलकं काम मिळून त्या तिथेच राहणार होत्या. एवढंच ठरायचं होतं, आणि बाईंपुरतं बोलायचं तर सगळंच ठरायचं होतं. धुलाईघराचे वकील सभ्य गृहस्थ होते. असले लोक आवाज चढवत नाहीत, त्यांना गरज पडत नाही.

‘बाई, यंत्राला सुरक्षेची काही सोयच नव्हती, असं तुम्ही जबाबात म्हटलंय.’

‘दांडी होती की.’

‘होती?’

‘होती. बांधून ठेवलेली होती.’

‘जबाबात नव्हती. आज आहे, पण बांधलेली आहे. कशाने बांधलेली?’

‘चिंधीने. निळ्या फुलांच्या.’

वकिलांनी जबाब उलटा केला, सुलटा केला, प्रकाशात धरला. ‘इथे तर चिंधी कुठे दिसत नाही. दोन महिन्यांत फुलं उगवलेली दिसतात.’ मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ‘बरं, क्षीण म्हणजे काय हो बाई? तुमचाच शब्द आहे.’

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग आखूड झालेल्या दोन बोटांचा हात मोतीरावांच्या दिशेने केला. ‘मी सांगितलं होतं. चिंधीचं या साहेबांना सगळं सांगितलं होतं.’

‘मोतीराव,’ मॅडम म्हणाल्या, ‘सांगितलं होतं का त्यांनी?’

चिंधी मोतीरावांना आठवत होती, फुलांसकट. पण हो म्हणायचं म्हणजे नुसतं हो म्हणून भागणार नव्हतं. बावीस वर्षांचं कपाट मागोमाग उघडलं असतं. वकील पेन उघडून वाट बघत होते.

‘सांगितलं तसंच लिहिलंय, मॅडम. वाचूनही दाखवलंय.’

आता ही बाई खवळेल, खोटारडा म्हणेल, म्हणून मोतीराव अंग आवळून बसले. बाई खवळल्या नाहीत. त्यांनी खाली बघितलं आणि हळूच म्हणाल्या, ‘मग मीच विसरले असेन सांगायला.’

निकालाची तारीख आठ दिवसांनंतरची पडली.

एखाद्याने शिवी दिली तर माणूस ती दुसऱ्या दिवशी विसरू तरी शकतो. बाईंचं हे वाक्य मात्र मोतीरावांच्या मागे लागलं. ताटावर बसले, घास फिरत राहिला. ‘अहो, मीठ कमी आहे का?’ बायकोने विचारलं. ‘नाही,’ ते म्हणाले, आणि ताटात पाणी ओतून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धूळ झटकायची म्हणून जुन्या जबाबांचं कपाट उघडलं. शिपाई म्हणाला, ‘मोतीराव, तब्येत बरी आहे ना? फडकं मागताय.’ मोतीराव जमिनीवर बैठक मारून एकेक गठ्ठा सोडायला लागले. हमाल, गवंडी, भांडी घासणारी, काच कापणारा, शिलाईवाली. प्रत्येकाची पोटाची खळगी, प्रत्येकाच्या नशिबी दुर्धर प्रसंग. एकाच माणसाला शेकडो वेळा अपघात झाल्यासारखं ते वाचताना वाटत होतं, आणि तो माणूस मोतीरावांच्या वडिलांसारखा बोलत होता.

मग एका अभियंत्याचा जबाब हाती आला. याच वर्षीचा, बाईंच्या जबाबाच्या आधी बारा दिवसांचा. जिन्यावरून घसरून त्याचा घोटा दुखावला होता. चार पानं. त्यात त्या दिवशी कुत्र्याचं पोट बिघडलं होतं हे होतं. कुत्र्याला रात्री काय खायला घातलं होतं हे होतं. त्यामुळे सकाळी निघायला उशीर झाला, मेहुण्याचा फोन आला, बुटाचा रंग तपकिरी होता, सगळं होतं, जसंच्या तसं, आणि मोत्यासारख्या अक्षरात. मोतीरावांना तो दिवस आठवला. तो माणूस बोलत असताना त्यांनी पेनाला टोपण लावलंच नव्हतं. तो एकेक शब्द बोलत होता आणि हे उतरवत होते, मध्ये ‘जरा सावकाश हां सर’ असंही म्हणाले होते.

त्यांनी आणखी शोधलं. एक डॉक्टर: तीन पानं. एक कारखानदाराचा पुतण्या: साडेतीन. असं करायचं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. ठरवून केलं असतं तर निदान कुठेतरी लाज वाटली असती. हे तर हातानेच परस्पर केलं होतं. कुत्र्याचं पोट दाणा ठरलं होतं आणि दांडीला बांधलेली चिंधी कोंडा.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको डाळ निवडत होती, निवडता निवडता ऐकत होती. ती मूळची वेगळ्या वळणाचं बोलणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा बडबडी होती. सासरे हसून म्हणायचे, ‘असं नाही म्हणत आपण,’ आणि नवरा जेवताना, फिरताना, पाहुण्यांसमोरसुद्धा तिचं वाक्य मध्येच सरळ करून द्यायचा, प्रेमानेच. वर्षभरात ती शुद्ध बोलायला लागली आणि थोडं बोलायला लागली. आता बहिणीचा फोन आला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

‘तुला काय वाटतं?’ मोतीरावांनी विचारलं.

‘मला काय विचारता? सव्वीस वर्षं मी तुमचीच वाक्यं बोलतेय.’ ती खडे बाजूला काढत म्हणाली. ‘त्या बाईला एकदाच बोलावी लागली.’

‘टोमणा मारतेस.’

‘टोमणा असता तर मी तो माझ्या पद्धतीने मारला असता. तुम्हाला कळला नसता.’



तिसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. उभ्यानेच बोलले. ‘मॅडम, धुलाईघराच्या प्रकरणात जबाबातून काही तपशील राहून गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

‘कुणाकडून राहून गेला?’

‘कार्यालयीन कामाच्या ओघात...’

‘मोतीराव, ओघ जबाब लिहीत नाही. इथे तुम्ही लिहिता.’

‘माझ्याकडून.’

‘राहिला, की काढलात?’

‘काढला.’

‘का?’

या प्रश्नाची शंभर उत्तरं त्यांनी येताना जिन्यात तयार केली होती. जबाबाचं वजन, कागदाची बचत, भावार्थ. एकही तोंडातून निघेना. ‘त्यांचं बोलणं मला कचरा वाटलं,’ ते म्हणाले.

‘सगळ्यांचंच वाटतं?’

‘नाही. साहेबलोकांचं नाही वाटत.’

मोतीरावांना वाटलं, आता मॅडम बसा म्हणतील, पाणी देतील, हे इथल्या इथे राहू द्या म्हणतील. खरं सांगायचं तर ते त्याच आशेवर आले होते. मॅडम म्हणाल्या, ‘तारखेला हेच सगळ्यांसमोर सांगायचं. वकिलांसमोर आणि बाईंसमोर. याच शब्दांत.’

तारखेला मोतीरावांनी सांगितलं. चांगलं सांगितलं नाही. दोनदा अडखळले, एकदा ‘सदरहू’ म्हणून गेले आणि मॅडमने भुवई उचलल्यावर परत फिरले. वकिलांनी अगदी मवाळ आवाजात विचारलं, ‘म्हणजे गेल्या बावीस वर्षांतला तुमचा कुठला जबाब खरा धरायचा?’ मोतीराव म्हणाले, ‘मला माहीत नाही.’ शिपाई दारात उभा होता. त्याचा हात मागे गेला नाही. यापेक्षा शेपटी हलवून दाखवली असती तर बरं, असं मोतीरावांना वाटलं.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. ‘म्हणजे मी सांगितलं होतं.’

‘सांगितलं होतं.’

‘आठ दिवस जोडीदारणीचा जीव खाल्ला मी. मी सांगितलं होतं का गं, का मला नुसतं वाटतंय. तिला काय माहीत, ती कुठे इथे होती? मी म्हटलं, चिंधी तरी होती का, का तीही मीच मनाने बांधली. तर मुकादमाच्या भीतीने ती आठवत नाही म्हणे.’

माफी मागायचं मोतीरावांनी ठरवून आणलं होतं. एका ओळीचं सुंदर वाक्य होतं. ते त्यांनी गिळलं. ‘चिंधी होती,’ एवढंच म्हणाले.

जुना जबाब बाजूला ठेवून नवा घ्यायचा, असं मॅडमने जाहीर केलं. लिहायला त्या स्वतः बसल्या. वकील समोर, आणि मोतीरावांनी कोपऱ्यात बसायचं, गरज पडली तर काही विचारायला. उद्यापासून त्यांचं टेबल आवक-जावकला जाणार होतं, पाकिटांवर पत्ते लिहायला. ते सकाळीच कळलं होतं.

‘सांगा बाई,’ मॅडम म्हणाल्या. ‘त्या दिवशी काय झालं?’

बाईंनी पदर सावरला, एकदा कोपऱ्यात पाहिलं आणि सुरुवात केली. ‘पोटाची खळगी भरण्यासाठी अहोरात्र कष्टणाऱ्या...’

पेन थांबलं. ‘असं नाही. तुम्ही सांगा.’

‘हो.’ बाईंनी घसा खाकरला. ‘सततच्या परिश्रमाने...’

या आठ दिवसांत जबाबाच्या नकलेवरून घरी बसून पाठ केलं होतं त्यांनी. कुठे अडायला नको, साहेबांनी एवढं छान लिहिलंय तर आपण निदान धड बोलावं, म्हणून. वकिलांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मॅडमने पेन खाली ठेवलं. ‘बाई, चिंधीचं सांगा.’

‘तेही लिहायचं असतं?’ बाईंनी विचारलं. विचारलं मॅडमना, पण मान वळली होती कोपऱ्याकडे. शाळेत फळ्यापाशी उभं राहिलेलं पोर मास्तरांचं तोंड बघतं ना, बरोबर आलं का, हसतील का, तसं त्या मोतीरावांचं तोंड बघत होत्या.

मोतीरावांनी ते तोंड पूर्वी पाहिलेलं होतं. पहिल्या बाकावरून, वर्गाबरोबर हसता हसता पाहिलेलं होतं.

‘जसं आठवतं तसं सांगा ना,’ ते म्हणाले. म्हणताना आवाज शक्य तितका मऊ केला. बाईंनी मान डोलावली, तोंड उघडलं, परत त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘व्यवस्थापनाच्या...’

तेव्हा मोतीराव उठले. ‘मॅडम, मी बाहेर बसतो,’ म्हणाले आणि परवानगीची वाट न बघता दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बाकावर दोन माणसं आधीच बसली होती, एकाच्या पायाला प्लास्टर. त्यांनी सरकून जागा दिली. आतून सुरुवातीला काही ऐकू येईना. मग बाईंचा आवाज आला, थांबत थांबत. शब्द कळत नव्हते. मोतीरावांनी कान लावला नाही. लावायचा मोह झाला तेव्हा उठून जिन्यापर्यंत जाऊन आले. वकिलांचा आवाज मध्ये एकदा आला, मॅडमने तो तोडला. परत बाईंचा. हळूहळू त्या आवाजाला वेग आला, तो वर गेला, खाली आला, एकदा तर हसल्यासारखा वाटला. यातून नोकरी टिकेल की नाही, ते अजून ठरायचंच होतं. दांडी बांधलेली होती, हे वकील काही सुखासुखी मान्य करणार नव्हते. आणि कपाटातल्या त्या बाकीच्या शेकडो जणांना तर आता कुणी परत बोलावणार नव्हतं. त्या काच कापणाऱ्याने नक्की काय सांगितलं होतं, हे मोतीराव आठवायला बघत होते. त्याचा चेहरा आठवला, कपाळावरची खूण आठवली. बोललेलं एक अक्षर आठवेना.

‘दादा, तुम्हाला काय झालंय?’ प्लास्टरवाल्याने विचारलं. ‘हात की पाय?’

‘काही नाही,’ मोतीराव म्हणाले.

‘काही नाही तर इथे कशाला बसलाय? जबाब द्यायला?’

‘दिला मघाशी.’

‘लिहून घेणारा चांगला आहे म्हणतात इथला. आपण कसंही बोलावं, तो मस्त करून देतो.’

‘तो आता नाही,’ मोतीराव म्हणाले. ‘तुम्ही आपलं सगळं सांगा. सुचेल तसं.’

दार उघडून शिपाई बाहेर आला. ‘मोतीराव, कोरे कागद कुठे ठेवता? मॅडमकडचे संपले.’

‘डावीकडचा खालचा खण. संपले कसे? पाच दिले होते.’

‘संपले म्हणजे संपले. बाई अजून सकाळचंच सांगतायत. जोडीदारणीच्या भावाचं लग्न का मोडलं, तिथे आलंय.’

मोतीराव उठून आपल्या टेबलापाशी गेले, खण उघडला आणि सगळा गठ्ठाच त्याच्या हातात दिला.